एक प्रश्न, अनेक विद्याशाखा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



या व्याख्यानमालेत शिक्षणविषयक एखादा विचार मांडावा, असे विश्वस्तांनी सुचविले आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याचे कार्य अखंड चालू आहे. त्या शिष्यवृत्तीचे अर्ज आजवर शाखेनुसार लावले जातात : अभियांत्रिकी, वैद्यकीय, वाणिज्य, कला. विद्यापीठांतून मात्र या शाखांच्या भिंती पाडण्याची भाषा आता मोठ्या उत्साहाने बोलली जात आहे. त्या भाषेत तथ्य किती आणि घोषणा किती, याचा शोध घ्यावा, या हेतूने ‘आंतरविद्याशाखीय शिक्षण’ हा विषय मी निवडला. शब्द जड आहे हे मान्य. आशय तितका जड नाही.

पालकांना हा प्रश्न आता प्रत्यक्ष भेडसावतो आहे. २९ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वीकारले. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत सुरू झाली. त्यामुळे वाणिज्य शाखेत प्रवेश घेतलेल्या मुलाला घरी येऊन सांगावे लागते की, मुख्य विषयाबरोबर एक दुय्यम विषय आहे, शिवाय दुसऱ्या विद्याशाखेतला एक ‘ओपन इलेक्टिव्ह’ घ्यायचा आहे, भारतीय ज्ञानप्रणालीचा एक अभ्यासक्रम आहे, आणि या सर्वांचे श्रेयांक एका खात्यात जमा होणार आहेत. वडील विचारतात, “याचा पुढे उपयोग काय?” मुलगा म्हणतो, “ठाऊक नाही, पण याच्यात गुण चांगले मिळतात म्हणे.” असा संवाद आपल्यापैकी अनेकांच्या घरी झाला असेल. मला त्यात मुलाचा दोष दिसत नाही. विषय जोडून दिले, पण ते का जोडले हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

आपला समाज व्यापार जाणतो, म्हणून व्यापारातलाच दाखला देतो. बाजारपेठेत कापडाचे दुकान, शेजारी भुसाराचे, त्याच्या शेजारी सराफाचे, अशी दुकाने ओळीने लागून असतात. दुकानाला दुकान लागून असले म्हणून तिघे भागीदार होत नाहीत. भागीदारीत भांडवल एकत्र येते, जोखीम वाटून घेतली जाते, आणि मुख्य म्हणजे वही एक असते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मराठी कवितेचे दोन श्रेयांक दिले, तर ती शेजारशेजारची दुकाने झाली. याला बहुविद्याशाखीय शिक्षण म्हणावे. तेही चांगलेच आहे. मी त्याला नावे ठेवत नाही. पण आंतरविद्याशाखीय शिक्षण ही भागीदारी आहे. तिथे एक प्रश्न मधोमध ठेवलेला असतो, तो एकाच शास्त्राला सुटत नाही, आणि म्हणून निरनिराळ्या शास्त्रांची माणसे त्याच्याभोवती बसतात. प्रश्न नसेल तर भागीदारी कागदावरच राहते.

अशी भागीदारी आपल्याकडे कधी झाली आहे का? झाली आहे, आणि ती पुण्यात झाली आहे. नव्या धोरणाच्या चर्चेत परदेशी विद्यापीठांची नावे पुष्कळ घेतली जातात. डेक्कन कॉलेजचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून मी तिथे जरा रेंगाळणार आहे.

डेक्कन कॉलेजचे मूळ १८२१ सालापर्यंत मागे जाते. १९३९ मध्ये पदव्युत्तर अध्ययन व संशोधन संस्था या नात्याने त्याचा नवा जन्म झाला. त्याच वर्षी तिथे पुरातत्त्वासाठी हसमुख धीरजलाल सांकलिया आणि समाजशास्त्र व मानववंशशास्त्रासाठी इरावती कर्वे रुजू झाल्या. भाषाशास्त्राची बाजू सुमित्र मंगेश कत्रे सांभाळत होते. संस्था लहान होती, विभाग जवळजवळ होते, आणि या जवळिकीचा परिणाम लवकरच दिसला. गुजरातमधील लांघणज येथे १९४४ च्या सुमारास सांकलियांना प्राचीन मानवी सांगाडे मिळाले, तेव्हा ते वाचण्यासाठी इरावतीबाई त्यांच्याबरोबर क्षेत्रावर होत्या. मराठी वाचकांना ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून परिचित असलेल्या इरावतीबाई उन्हात बसून हाडे मोजत होत्या, हे चित्र मला फार बोलके वाटते. पुढे सांकलियांनी भूशास्त्राची बाजूही जोडून घेतली. नदीकाठच्या थरांचा इतिहास कळल्याशिवाय त्यांत सापडणाऱ्या दगडी हत्यारांचे वय सांगता येत नाही, म्हणून लंडनहून आलेल्या एफ. ई. झॉयनर या तज्ज्ञाने १९४९ मध्ये गुजरातच्या नद्यांचे थर तपासले. ‘आमच्या खात्यात भूगोल येत नाही’ असे म्हणून कोणी हात झटकले नाहीत.

या पद्धतीचे सर्वांत परिपक्व फळ म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या गावाजवळ १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. मधुकर केशव ढवळीकर, सांकलिया आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्याचे सूत्रधार. जमिनीखाली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे, माणसे तिथे राहिली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. पाच खोल्यांचे एक मोठे घर मिळाले, त्याच्या लगत धान्याचे कोठार मिळाले, आणि पुराचे पाणी अडवून वळविण्यासाठी बांधलेला बांध व पाट मिळाला.

आता या वस्तीविषयी कोणते प्रश्न विचारायचे? लोक काय पिकवीत होते, हे केवळ खापरे पाहून कळत नाही. त्यासाठी जळून काळे पडलेले दाणे मातीतून वेगळे काढून ओळखावे लागतात. ते काम वनस्पतिशास्त्राचे, आणि त्यातून सातू हे तिथले प्रमुख धान्य होते हे ठरले. कोणती जनावरे पाळली आणि कोणती शिकार करून आणली, हे हाडांचे तुकडे ओळखणारा प्राणिशास्त्रज्ञ सांगतो. वस्तीचे वय कार्बन-१४ पद्धतीने भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठरते. नदी कधी कशी वाहत होती, हे भूरूपशास्त्र सांगते. घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसे कशी जगली, हे शारीरिक मानवशास्त्र सांगते. इनामगावात लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरले जाई. मोठ्या माणसांना उताणे निजवून पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले असत. त्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या एका मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत पुरलेला एक प्रौढ पुरुष मिळाला. त्याचे पाय मात्र शाबूत होते. असे का, हे सांगायला संस्कृती जाणणारा अभ्यासक हवा. जॉन ल्यूकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांचा या सांगाड्यांवरचा ग्रंथ १९८६ मध्ये निघाला. दातांवरून माणसाचा आहार आणि त्याच्या बालपणीचे आजार यांचा अंदाज कसा बांधावा, हे त्यात पाहायला मिळते. उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ चा आहे.

बंधुभगिनींनो, या सर्वांत शिकविणे कुठे आहे, असे आपण विचाराल. उत्खनन हीच शाळा होती. हंगामात विद्यार्थी छावणीत राहत, सकाळी खड्ड्यात उतरत, खापरे धुवून त्यांवर क्रमांक घालीत आणि थरांची नोंद करीत. इतिहास शिकून आलेल्या विद्यार्थ्याला तिथे पहिल्यांदा कळे की, मातीचा रंग हाही पुरावा असतो आणि तो नोंदवताना हयगय झाली तर प्रयोगशाळेतल्या माणसाचे पुढचे सारे काम वाया जाते. विज्ञान शिकून आलेल्याला कळे की, दाणा सातूचा आहे हे ओळखल्याने काम संपत नाही. तो कोठारात सापडला की चुलीत, यावर त्याचा अर्थ ठरतो. एकाच्या निष्काळजीपणाचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो, हा धडा वर्गात कितीही सांगून उतरत नाही.

याच वस्तीच्या शेवटाची कथा आंतरविद्याशाखीय अभ्यासाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही दाखविते. इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे इनामगावात बदल दिसतात. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती खालावते, शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. ढवळीकरांनी हे सगळे पुरावे एकत्र गुंफून मांडले की, हवामान कोरडे होत गेले, शेती परवडेना, आणि माणसे अर्धभटकी झाली. आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला हे विवेचन लगेच पटते. परंतु पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन अभ्यासिकेने याच परिसरातील मुलांच्या सांगाड्यांचा पुन्हा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सारा दोष हवामानावर टाकता येईल का, याविषयी त्यांनी त्यात शंका घेतली, आणि लोकसंख्या व जमिनीचा वापर यांकडेही लक्ष वेधले. पुरावा तोच, शास्त्रे तीच, निष्कर्ष वेगळा. विद्यार्थ्याने दोन्ही वाचावेत आणि मग स्वतः मत बनवावे. त्यासाठी त्याला हाडाचे मोजमाप कसे घेतात तेही ठाऊक हवे आणि पावसाचा जुना इतिहास कशावरून ठरवतात तेही. ‘मी इतिहासाचा, मला त्यातले काय कळते’ ही सबब इथे चालत नाही.

डेक्कन कॉलेजप्रमाणेच पुण्याशी जोडलेले दुसरे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यात १९०७ मध्ये जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे काम. या गणितज्ञाने जुन्या आहत नाण्यांची हजारो वजने घेतली. नाणे हातोहात फिरताना झिजते. जितके अधिक फिरले तितके हलके. म्हणून वजनांची संख्याशास्त्रीय मांडणी केली की नाण्यांचा काळ आणि चलनवलन उलगडते, हा त्यांचा तर्क. सराफी पेढीवर बसलेल्या कोणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. त्याच कोसंबींनी १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मात्र एक सावधगिरीची सूचना करतो. कोसंबींचे उदाहरण सांगून विद्यापीठाची रचना करता येत नाही. ती एका असामान्य माणसाची एकट्याची झेप होती. विद्यापीठाला सामान्य बुद्धीच्या, मेहनती मुलांसाठी वाट बांधायची असते, आणि म्हणूनच मला इनामगावची वाट अधिक अनुकरणीय वाटते.

परदेशातले प्रयोगही थोडक्यात पाहू. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात १९६९ पासून एक निराळी पद्धत सुरू झाली. आधी शरीररचना, मग शरीरक्रिया, मग औषधे, हा क्रम सोडून विद्यार्थ्यांच्या लहान गटासमोर प्रथम एका रुग्णाची हकीकत ठेवली जाई. दम लागतो आहे, पाय सुजले आहेत. काय झाले असेल? गटाने ठरवायचे की आपल्याला काय ठाऊक आहे, काय नाही, आणि कोणी काय वाचून यायचे. शिक्षक उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे १९७४ च्या सुमारास हीच पद्धत नेली गेली. डेन्मार्कमध्ये १९७२ साली रॉस्किल्ड आणि १९७४ साली ओल्बोर्ग अशी दोन विद्यापीठे प्रकल्पाधारित शिक्षणाचा पाया घेऊनच उभी राहिली. ओल्बोर्गमध्ये विद्यार्थ्याचा साधारण निम्मा वेळ गटाने केलेल्या प्रकल्पात जातो, आणि उरलेला त्या प्रकल्पाला लागणाऱ्या व इतर अभ्यासक्रमांत.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते ऐकण्याजोगे आहेत. लहान गटांना शिक्षक अधिक लागतात. पाया कच्चा राहण्याची भीती असते : रुग्णाच्या ओघात जे आले ते शिकले, जे आले नाही ते राहून गेले. गटात एखादा काम करतो आणि बाकीचे त्याच्या आधारे तरतात, हे तर आपल्याकडे लग्नकार्यातही दिसते. तरीही या प्रयोगांतून एक गोष्ट निश्चित घेण्यासारखी आहे. विषयांची यादी करून त्यांचा मेळ कसा घालावा, अशा विवंचनेने त्यांनी सुरुवात केली नाही. आधी प्रश्न ठेवला. विषय प्रश्नाच्या मागोमाग आले.

आपल्याकडेही असे एक काम गेली चार दशके शांतपणे चालू आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र स्थापन झाले. ‘सितारा’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. २००७ पासून तिथे तंत्रज्ञान व विकास या विषयात एम.टेक. करता येते. यंत्र, स्थापत्य, विद्युत अशा कोणत्याही शाखेतून आलेला अभियंता तिथे खेड्यात जाऊन राहतो आणि एखाद्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाला हात घालतो. उदाहरणार्थ, गावात नळपाणी योजना झाली आहे, टाकी आहे, नळ आहेत, तरी मार्च उजाडला की टँकर का येतो?

या एका प्रश्नाचे पदर मोजून पाहा. विहिरीत उन्हाळ्यात पाणी किती उरते, हा भूजलाचा प्रश्न. नळाचा व्यास आणि टाकीची उंची पुरेशी आहे का, हा स्थापत्याचा. पंपाचे विजेचे बिल कोण भरतो आणि पाणीपट्टी किती वसूल होते, हा हिशेबाचा. वरच्या आळीला पाणी मिळते आणि खालच्या वस्तीला मिळत नाही, हा समाजरचनेचा. योजना मंजूर करताना पुढील वीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज कसा बांधला, हा संख्याशास्त्राचा. आणि दुरुस्तीचा अर्ज कोणत्या कार्यालयाच्या कोणत्या टेबलावर अडकला, हा लोकप्रशासनाचा. यांपैकी एक धागा निसटला तरी टँकर येतच राहतो. तिथे शिकणाऱ्या मुलाला त्याच्या अहवालाची परीक्षा दोन ठिकाणी द्यावी लागते : संस्थेत प्राध्यापकांपुढे आणि गावात ग्रामस्थांपुढे. दुसरी परीक्षा अधिक कडक असावी, असा माझा कयास आहे. याच विचारातून २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू करून जिल्ह्याजिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालये स्थानिक प्रश्नांशी जोडण्याचा उपक्रम हाती घेतला.

मग साध्या महाविद्यालयांत हे का होत नाही? कारणे तात्त्विक नाहीत, अगदी व्यावहारिक आहेत. दोन विभागांच्या प्राध्यापकांनी मिळून एक तास घेतला तर तो कोणाच्या कार्यभारात धरायचा? दोघांच्या धरला तर लेखापरीक्षक हरकत घेणार, एकाच्या धरला तर दुसरा पुढच्या सत्रात येणार नाही. उत्तरपत्रिका कोणी तपासायची? भूगोलाच्या प्राध्यापकाने हिशेबाची चूक पकडायची की सोडून द्यायची? शिवाय प्राध्यापकाची बढती त्याच्या स्वतःच्या विषयातील शोधनिबंधांवर ठरते. दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्याबरोबर खेड्यात घालवलेले दोन महिने तिथे फारसे मोजले जात नाहीत. वेळापत्रकाची तर कथाच नको. विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारी, कला शाखेचे तास सकाळी. मुलांना एकमेकांची तोंडे दिसणे दुरापास्त. नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प यांना श्रेयांक दिले आहेत, ही खरी संधी आहे. परंतु शंभर विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक असेल, तर त्या प्रकल्पांच्या सुबक वेष्टनाच्या वह्याच तयार होतील. अशा तयार वह्या विकत मिळू लागल्या, तर आश्चर्य वाटायला नको.

आणखी एक मुद्दा स्पष्टपणे मांडतो; तो सर्वांना रुचेलच असे नाही. ज्याला एकही विषय खोलवर येत नाही, त्याला दोन विषयांच्या संगमावर उभे करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. भागीदारीत येणाऱ्याने आपले भांडवल आणले पाहिजे. इनामगावातील वनस्पतितज्ज्ञ आधी वनस्पतिशास्त्रात पक्का होता, म्हणून त्याचा शब्द पुरातत्त्वज्ञाने मानला. त्यामुळे पहिल्या वर्षापासून दहा विषयांची ओळख करून देण्यापेक्षा एका विषयात पाय रोवू द्यावा आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी इतर शाखांच्या मुलांबरोबर एका प्रश्नावर काम करायला लावावे, हे मला अधिक योग्य वाटते. लहानपणापासूनच कप्पे पडू नयेत, म्हणून आरंभीच मिसळण झाली पाहिजे, असे मानणारे विद्वान आहेत. त्यांच्या म्हणण्यातही वजन आहे. पण आपल्या महाविद्यालयांची आजची स्थिती पाहता मी माझ्या मतावर राहीन.

आपल्या समाजाच्या ग्रंथपरंपरेशी या विषयाचा एक थेट धागा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्याच्या आरंभीच्या अधिकारात क्षेत्र, काल, धान्य, सुवर्ण यांच्या मापांच्या परिभाषा आहेत. पुढे मिश्रक व्यवहारात व्याज आणि भागीदारी यांची उदाहरणे येतात. हा ग्रंथ आधुनिक जगापुढे आला कसा? मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेले एम. रंगाचार्य तेथील शासकीय हस्तलिखित ग्रंथालयाचेही काम पाहत. शिक्षण खात्याचे संचालक जी. एच. स्टुअर्ट यांनी त्यांना विचारले की, गणिताच्या इतिहासावर प्रकाश टाकील असे काही या ग्रंथालयात आहे का? त्या एका प्रश्नातून शोध सुरू झाला आणि १९१२ मध्ये इंग्रजी अनुवादासह ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रस्तावना लिहिली ती न्यूयॉर्कच्या डेव्हिड यूजीन स्मिथ या गणिताच्या इतिहासकाराने. पुढे १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेतून त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती काढली. ती लक्ष्मीचंद्र जैन यांनी सिद्ध केली. ते गणिताचे अध्यापक. म्हणजे एकदा संस्कृतचा पंडित गणिताकडे वळला आणि एकदा गणिताचा अध्यापक संस्कृतकडे. नुसते संस्कृत जाणणाऱ्याला सूत्राचा अन्वय लागतो, पण उदाहरण सुटत नाही. नुसते गणित जाणणाऱ्याचे उलटे होते. सोलापूरच्या एका धार्मिक न्यासाने त्या काळी हे ओळखून खर्च केला, याची नोंद आजच्या सभेत व्हावी.

आता एक विनंती, आणि तिच्यासाठीच एवढी प्रस्तावना केली. विश्वस्त मंडळ दरवर्षी ज्या शिष्यवृत्त्या देते त्या तशाच चालू राहाव्यात. त्यांशिवाय एक शिष्यवृत्ती अशी असावी, की जी एका विद्यार्थ्याला न देता चौघांच्या गटाला द्यावी. चौघे चार शाखांचे असावेत, तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाचे असावेत, आणि त्यांनी आपल्या परिसरातील एकच प्रश्न वर्षभर हाताळावा. प्रश्न कोणता घ्यावा हे मुलांनी ठरवावे. पण एक प्रश्न सुचवितो, कारण त्याची सामग्री आपल्याच घरांत आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या पेढीच्या वह्या लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या असतील. कीर्द आहे, खतावणी आहे. काही मोडीत, काही गुजरातीत, काही मारवाडी वळणाच्या अक्षरांत. ज्वारीचा भाव, गुळाचा भाव, व्याजाचा दर, हमाली, धर्मादाय, कोणत्या साली कोणत्या खेड्यातून वसुली आली नाही, हे सारे त्यांत दिवसागणिक लिहिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळाचा इतिहास सरकारी अहवालांत मिळतो. पण त्या वर्षी आपल्या पेठेत काय घडले, ते या वह्यांतच सापडेल. हे काम एका शाखेचे नाही. मोडी वाचायला इतिहासाचा विद्यार्थी हवा. जमा-नावे कळायला वाणिज्याचा हवा, आणि तोही देशी नामा पद्धत शिकलेला. नुसत्या संगणकावरच्या हिशेबाचा उपयोग नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्याआधीचे आकडे रुपये-आणे-पैत आहेत. शेर आणि पायली ही मापे तर गावोगाव निराळी होती. ती सर्व एका मापात आणून भावांचा आलेख काढायला आणि तो पावसाच्या नोंदींशी ताडून पाहायला संख्याशास्त्राचा विद्यार्थी हवा. शाई कागद खात चालली आहे, कसर लागली आहे. ती थांबवायला रसायनशास्त्राचा हवा. आणि चौघांनाही एखाद्या वृद्ध मुनीमजींजवळ बसावे लागेल, कारण अमुक खूण म्हणजे उधारी की परतफेड, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नाही.

खर्च फार नाही. मार्गदर्शनाला दोन निरनिराळ्या विभागांचे प्राध्यापक लागतील. कार्यभाराचा प्रश्न सुटेपर्यंत त्यांना सुट्टीच्या दिवशी यावे लागेल, म्हणून त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद संस्थेने करावी. घराण्यांच्या व्यवहारातील नावे गुप्त ठेवण्याची लेखी हमी घ्यावी. त्याशिवाय कोणी वही देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मूळ वही त्या घरीच राहावी, छायाचित्रे तेवढी घ्यावीत. वर्षअखेरीस मुलांनी आपले काम दोनदा मांडावे : एकदा महाविद्यालयात आणि एकदा याच सभागृहात, ज्यांनी त्या वह्या लिहिल्या त्यांच्या नातवंडांपुढे.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात आणि अशा वह्या किलोच्या भावाने रद्दीत जातात. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी तराजू लागण्यापूर्वी विश्वस्तांना कळवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र.